लंगड्या बैलाचं आवतन

बारा वर्षाचा होतो तवा माह्या गळ्यात अख्खं नांदगाव राहे. पाटलाचं खाकरनं, पुजाऱ्याचं नाकातून बोलनं, बिनतेलाच्या आसाची कुईकुई, जात्याची घरघर, अमरावतीच्या कापूसबाजारातल्या दलालाचं लाडीगोडीचं बोलनं. ज्यानं जे मागावं ते मी काढून दाखवावं. शाळेतले आमचे पंतोजी पुन्याकडचे. वऱ्हाडी बोलनं ऐकलं का त्याईचं तोंड दाताखाली खडा आल्यावानी होये. ते पाठ करून बसले का मी त्याईच्याच आवाजात मांगून म्हनत होतो, "अरे, उच्चार स्वच्छ असावा, उच्चार." पोरं हसत, अन् पंतोजी मान डोलवत. त्याईले वाटे, आपनच बोललो अन् बरोबर बोललो.

ते दिवस कापसाचे होते. साता समुद्रापल्याड कोन्या मुलखात लढाई लागली म्हनून आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाले भाव आला, असं मोठे लोक सांगत. आमाले लढाई दिसली नाई, गाड्या दिसल्या. दिवाळी झाली का वैशाखापर्यंत घरासमोरून गाड्याच गाड्या. अमरावतीले जानाऱ्या, तिथून पुढं अकोल्याकडं वळनाऱ्या. बाभळीले कापूस लटकलेला, कुंपनाले कापूस, कुत्र्याच्या शेपटीले कापूस. लोकाईच्या हाती पैसा आला अन् तो ठेवाचा कुठं हे कोनाले कळेना, तं त्याईनं तो बैलाच्या शिंगावर चढवला. शिंगाच्या टोकाले पितळेच्या शेंब्या राहत, त्या गेल्या अन् चांदीच्या आल्या. बैल तोच, ओझं दुप्पट, अन् शिंग चांदीचं.

त्याच साली होळीनंतर अकोल्यात पटकी आली अन् माही मावशी गेली. सकाळी धुनं धुऊन आली अन् दिवस बुडाच्या आत संपली, असं सांगनारा सांगत होता. मावसाजी कापसाच्या गाड्या हाकत, महिना महिना रस्त्यावर. घरात पोरीले पाहाले कोनी नाई. म्हनून मावशीची सात वर्षाची पोरगी आमच्या घरी आली.

आली तवा ती बोले. थोडं बोले, पन बोले. पानी पाहिजे म्हने, भाकर नको म्हने. माह्या मायच्या मांगं मांगं राहे, कारन मायचा आवाज थोडा मावशीवानी होता. मी तिले हसवाले मोप काय काय केलं. पाटील काढला, पंतोजी काढले, दोन मांजरीचं भांडन काढलं. ती पाहे, पन हसे नाई. आता माह्यासारख्या नकल्याले एक पोरगी हसत नाई म्हनजे अख्ख्या गावानं पाठ फिरवल्यावानी होते. मी इरेले पेटलो.

मावशीचा आवाज मले येत होता. लहानपनापासून ऐकलेला.

एका दुपारी ती अंगनात चिंचोके मांडून बसली होती. खेळत नव्हती, नुसती मांडून बसली होती. मी धान्याच्या कनगीमांगं लपलो अन् मावशी जशी हाक मारे तशी, शेवटचा सूर लांबवून हाक दिली, "ये वं बाई, वेनी घालू."

ती अशी उठली का चिंचोके चारी अंगाले उडाले. "आली वं माय," म्हनत धावली. सूप लाथाडलं, उंबऱ्याले ठेचकाळली, अन् कनगीमांगं येऊन उभी राहिली. तिथं मी. तोंड अजून उघडंच होतं माहं. ती रडली नाई. माह्या तोंडाकडं पाहत राहिली, जशी काही तिची माय त्यातून आत गेली अन् मी दार लावून घेतलं.

"आली वं माय," हे तिचं शेवटचं बोलनं. त्यानंतर पानी पाहिजे तं घागरीपाशी जाऊन उभी राहे. भूक लागली तं चुलीपाशी. आवाज म्हनून नाई. घरच्याईले वाटलं, मायची आठवन आता कुठं आत उतरली. खरं काय ते दोघाले माईत होतं, तिले अन् मले. ती सांगत नव्हती अन् माही छाती होत नव्हती.

मी नकला बंद केल्या. शाळेत चार दिवस गप बसलो तं पंतोजीनं जवळ बोलावून कपाळाले हात लावून पाह्यला, अन् मायले निरोप धाडला का मुलाला काढा द्यावा. मायनं दिला बी. कडू होता. मी मुकाट्यानं पिलो, तशी माय जास्तच घाबरली.

वैशाखात, शेवटच्या गाड्या चालल्या होत्या तवा, एक तांडा गावाबाहेरच्या हौदावर थांबला अन् निघताना एक बैल तिथंच सोडून गेला. पांढरा, फासळ्या मोजून घ्याव्या असा. मानेवर जू घासून पंजाएवढी जखम. मांगचा एक पाय टेकत नव्हता. खांद्यावर तापल्या लोखंडाचे गोल गोल डाग, कारन बैल लंगडला का डाग दिला म्हनजे चालते, असं गाडीवाले मानत. मालकानं जाता जाता शिंगाची चांदीची शेंबी तेवढी काढून नेली. एकच निघाली, दुसरी घट्ट बसली होती म्हनून राहिली. शेंबी नेली अन् बैल ठेवला.

बाबा वावरातून येत होते. त्याईनं त्याले दोर लावला, अन् अर्ध्या कोसाच्या वाटेले अख्खी दुपार घालून घरी आनला. माय दारात उभी. तिनं बैलाकडं पाह्यलं, बाबाकडं पाह्यलं अन् म्हनली, "एक मुकं घरात आहे ते कमी पडलं का, वो?"

बाबा म्हनले, "त्याले तहान लागली होती."

बास. बाबाचं बोलनं तेवढंच राहे. गावात मात्र टवाळी सुरू झाली. लोकाईच्या दारात चांदीच्या शिंगाच्या जोड्या अन् आमच्या दारात एका शिंगाची चांदी अन् साडेतीन पायाचा बैल. हे मी नाई म्हनलं, पाटील म्हनले. एरवी मी त्याईच्याच आवाजात घरी येऊन सांगतलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी अंथरुनात नाई. मायनं विहीर पाह्यली, शेजारची घरं पाह्यली. ती सापडली ढोरांच्या कोठ्यात, बैलापासून हातभर दूर, गुडघ्यावर हनुवटी टेकून बसलेली. बैल तिच्याकडं पाहे, ती बैलाकडं. दोघाईचं काहीतरी चाललं होतं अन् त्यात बोलनं नव्हतं.

बैल मानसाले भ्याला होता. बाबा गेले का तो भिताडाले चिकटे, अंगाची कातडी थरथर थरथर. कुटार टाकलं तं मानूस निघून गेल्याशिवाय तोंड लावे नाई. या पोरीजवळ मात्र आवाजच नव्हता, मंग तो कायले भ्येईन. तिनं पह्यल्या दिवशी कडब्याचं पान जमिनीवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी हातात धरून ठेवलं. आठव्या दिवशी बैलाची जीभ तिच्या तळव्यावरून गेली अन् तिनं हात मांगं घेतला नाई. मायनं हे दारातून पाह्यलं अन् पदर तोंडाले लावून आत गेली.

मी शहाना झालो होतो असं तुमाले वाटत असन, तं नाई. मले वाटलं, पाहावं तं खरं, बैलाले तांडेवाला आठवते का. मी कोठ्याच्या दाराशी उभा राहिलो, जीभ टाळूले लावून टक्क वाजवलं अन् अस्सल गाडीवाल्याचा आवाज काढला, "हैऽ, चाल बे."

बैल असा उठला का खुंटा हलला. लंगडा पाय घसरला, मान खुंट्यावर घासली, अन् भरत आलेल्या जखमेतून रक्त. पोरगी उठली, शेनाचा मोठा गोळा उचलला अन् सरळ माह्या तोंडावर. नेम असा का अर्धा गोळा तोंडात. माय धावत आली. माहं तोंड पाह्यलं, बैलाची मान पाह्यली, अन् पोरीच्या पाठीवर हात ठेवून म्हनली, "बरं केलं वं."

अकोल्याहून आल्यापासून पोरीनं कोनाले काही केलं असं ते पह्यलंच. माह्या तोंडात शेन होतं, पन मले आतून बरं वाटलं. हे कोनाले सांगाची गोष्ट नव्हती.

मंग नालबंद चाचा आले. बाजारवाटेवर त्याईचं छप्पर, दिवसाले वीस वीस बैलाले नाल ठोकत. त्या हंगामात त्याईच्या ठोक्याचा आवाज गावाले घड्याळावानी झाला होता. त्याईनं बैलाचा मांगचा पाय मांडीवर घेतला, खुरात नख घातलं अन् नालाचा तुटलेला खिळा काढला. बोटभर लांब. पाय मोडला नव्हता, आत खिळा होता, अन् लोकाईनं खांद्यावर डाग दिले होते. चाचानं तो खिळा मले दाखवला अन् म्हनले, देख, दर्द किधर अन् दाग किधर.

मानेच्या जखमेची गोष्ट निघाली तशी पोरीनं बोट माह्याकडं केलं. मले सांगावं लागलं का नकल मी केली. चाचा मारतीन असं वाटलं, पन ते खूर साफ करत राहिले अन् म्हनले, "जनावर के आगे अपनी आवाज में बोल. उसकू मालूम होना, कौन बोल रहा."

त्याईले ते सोपं वाटलं असन. मी संध्याकाळी बैलापुढं उभा राहिलो अन् आपल्या आवाजात बोलाले गेलो, तं आपला आवाज कोनता हेच सापडेना. तोंड उघडलं का पंतोजी निघे. खाकरलं का पाटील. एकदा तं "अरे बापा" म्हनलो अन् पुजारी निघाला. शेवटी म्हनलं, ज्यात कोनाची नकल करता येत नाई असं काही म्हनावं. मंग मी पाढे म्हनाले सुरवात केली. बेपासून. हळू, सपाट, सूर न लावता. बैल दोन पाढ्यापर्यंत थरथरला, तिसऱ्याले कान हलवले, अन् पाचाचा पाढा संपला तवा कुटार खाले लागला.

मंग ते रोजचंच झालं. मी कडबा तोडत पाढे म्हनत होतो, पोरगी करंजाच्या तेलात बोट बुडवून जखमेच्या कडेले लावे. एक दिवस मी सात सक चाळीस म्हनलो. पाढ्यात मी पह्यलेपासून कच्चा, शाळेत घोळक्याच्या आवाजात खपून जाये. पोरीनं हात थांबवला. कडब्याच्या काड्या तोडल्या, सात सातच्या सहा ढिगल्या लावल्या, अन् एकेक काडी बोटानं मोजत मले दाखवली. दोन काड्या जास्त निघाल्या. त्या दोन काड्या तिनं माह्या हातात ठेवल्या. शाळेत न गेलेली पोरगी, महिनाभर नुसती ऐकून होती.

ही गोष्ट मी शाळेत सांगतली, आपली फजिती म्हनून सांगतली, तं चारदोन पोरं पाहाले आली. त्यात एक पिंजाऱ्याचा पोरगा होता. पंतोजीसमोर उभा राहिला का त्याची बोबडी वळे अन् रोज छडी खाये. बैलासमोर त्यानं तेराचा पाढा खडाखडा म्हनला. बैल रवंथ करत होता, त्याले तेरा काय अन् तीन काय. पन पोरगा म्हने, हा मधात थांबवत नाई ना बे. पाऊस लागला तसा कोठा पोराईनं भरून जाये. बाहेर धार, आत दहा पोरं पाढे म्हनून राहिलेली, मधात बैल, अन् त्याच्या गळ्याशी मुकी पोरगी मास्तरनीवानी. कोनी चुकलं का ती काड्या मांडे. बैलाच्या फासळ्या बुजत आल्या. पाय टेकू लागला, लंगडत का होईना. पोरीच्या गालावर मांस आलं. आवाज मात्र आला नाई.

आषाढ सरता सरता अकोल्याहून एक गाडीवाला मावसाजीचा निरोप घेऊन आला. मावसाजी पोळ्याले येनार अन् पोरीले घेऊन जानार. तिकडं एक जन आहे, मुक्या पोराईच्या मानेवर तापल्या सळईचा डाग देते, पोरं बोलती होतात म्हने. नवस बोलून झाला, आता हाच उपाय राहिला.

माय तवा भाकर थापत होती. ती म्हनली, बैलाले तीन डाग दिले, तो धावला का? बाबानं लाकूड चुलीत सारलं. मंग म्हनले, "पोरगी त्याची आहे." मावसाजी वाईट मानूस नव्हते हे आमा सगळ्याईले माईत होतं. बायको गेली अन् पोरगी मुकी झाली, मानूस भ्येला होता. पन भ्येलेल्या मानसाच्या हातातली सळई काही थंड राहत नाई.

पोरगी दाराशी होती. तिनं सगळं ऐकलं. उठली, कोठ्यात गेली. मी मांगं गेलो तं ती बैलाच्या खांद्यावरचे डाग चाचपडत होती, अन् दुसरा हात आपल्या मानेवर.

आता सोपी गोष्ट होती. पोळ्याच्या आत ती बोलली तं डाग टळते. अन् ती काहून बोलत नाई हे तिच्याशिवाय जगात मलेच माईत होतं. तरी मले सांगाले श्रावनाचे तीन आठवडे लागले. रोज कोठ्यात जाओ, पाढे म्हनाओ, अन् परत येओ, असं चाललं. शेवटी एका दुपारी, पावसानं पोरं आली नव्हती, मी एकोनतीसचा पाढा अर्ध्यात सोडला अन् त्याच सपाट आवाजात बैलाकडं पाहत म्हनलं, "कनगीमांगं मी होतो. मावशी नव्हती. ती येत नसते. मी तुले हसवाले गेलो होतो, माहं चुकलं."

बैल चावत राहिला. पोरीनं माह्याकडं पाह्यलं नाई. थोड्या वेळानं तिनं तेलाची वाटी उचलली अन् माह्या हातात दिली, धरून राहाले. इतके दिवस ती वाटी ती कोनालेच धरू देत नव्हती. मी ती वाटी अशी धरली का देवाचं तीर्थ असावं. पन बोलली ती तेव्हा बी नाई.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मावसाजी आले. दिवस कलला होता. गाडी दारात सोडली अन् ओट्यावर बसले, कोठ्याकडं पाठ करून. दाढी वाढलेली. पोरीले जवळ घेतलं, तिनं घेऊ दिलं, पन बोलली नाई. त्याईनं मान खाली घातली. सकाळचा पोळा झाला का निघू म्हनले.

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या सांजेले खांदशेकनी राहते. वर्षभर जू वाह्यलेल्या खांद्याले हळद अन् लोनी लावाचं, पळसाच्या पानानं चोळाचं, अन् बैलाले आवतन द्याचं, जसं पाहुन्याले देतात. आवतन मिळालं तरच दुसऱ्या दिवशी तो पुरनपोळीले घरात येनार. आवतन कोनं द्याचं, तं ज्याच्या हातचं बैल खाते त्यानं. अन् तोंडानं द्याचं. हातवारे चालत नाईत, कारन पाहुन्याले कोनी खुनेनं जेवाले बोलावत नाई.

बाबानं आपल्या दोन बैलाईचे खांदे चोळले, अन् दोघाईले आवतन दिलं. मंग तिसऱ्यापाशी आले. त्याच्या मानेवर आता नवी, गुलाबी कातडी आली होती. बाबानं लोनी लावलं, हळद लावली, हात धोतराले पुसले अन् मांगं सरले.

"हा माह्या हातचं खात नाई," बाबा म्हनले. "ज्याच्या हातचं खाते त्यानं द्यावं."

कोठ्यात माय, बाबा, मी अन् ती. पोरगी बैलाच्या तोंडाशी उभी. तिच्या गळ्याची शीर हलताना दिसे, पन ओठ मिटलेले. बैल दोघाईले आवतन मिळालेलं पाहून होता, मान पुढं करून उभा होता. वेळ चालला. बाहेर ओट्यावर मावसाजी खोकले.

अन् तवा माह्या डोक्यात ते आलं. तिचा आवाज मले येत होता. आली तवा ती जशी बोले, पानी पाहिजे, भाकर नको, सगळं माह्या गळ्यात होतं. मावसाजीची पाठ इकडं. मी दाराआडून तिच्या आवाजात आवतन दिलं असतं तं त्याईले काही कळलं नसतं. पोरगी बोलली म्हनून रडत धावत आले असते. डाग टळला असता. माह्या गळ्यानं एक काम चांगलं केलं असतं. मी तोंड उघडलं बी.

बैलानं कान फिरवला. माह्याकडं. मले वाटलं, याले कळन कोन बोललं ते. अन् तिले बी कळन. दुसऱ्यांदा तिच्यासमोर माह्या तोंडातून दुसऱ्या कोनाचा आवाज निघन, अन् या खेपेले तो तिचाच राहीन, मंग तिच्यासाठी काय उरलं? मी तोंड मिटलं. दात असे दाबले का कानशिलं दुखली.

मायनं डोळे पुसले. बाबा वाकले, लोन्याची वाटी उचलून आत जाले निघाले.

"आज आवतन घ्या," ती म्हनली.

आवाज घोगरा होता. जाड, खरखरीत, चार महिने न वापरलेल्या कोयंड्यावानी. माह्या गळ्यात तिचा जो आवाज होता त्याच्याशी काही मेळ नाई. मी काढला असता तो खोटा निघाला असता. तिनं घसा साफ केला, बैलाच्या कपाळाले कपाळ लावलं अन् पुढचं म्हनली, "उद्या जेवाले या. पोटभर जेवजा."

मायच्या हातून दिवा पडता पडता राहिला. बाबा वाटी घेऊन तसेच वाकलेले. अन् ओट्यावरून मावसाजी धावत आले. दारात थांबले. पोरीकडं पाह्यलं, मंग माह्याकडं पाह्यलं, अन् त्याईच्या चेहऱ्यावरचा आनंद विझला. अकोल्यापर्यंत माहं नाव झालेलं होतं. ते माह्यावर आले, सदरा धरला.

"तू बोलला का बे?"

मी नाई म्हनलं. आता मी नाई म्हनून कोन मानते. त्याईनं आपला पंजा माह्या तोंडावर असा दाबला का नाक बी त्यातच गेलं. गाडीवानाचा हात तो, फावड्याएवढा. मंग पोरीकडं वळले अन् बारीक आवाजात म्हनले, "बोल वं बाई. आता बोल."

पोरीनं बापाकडं पाह्यलं. माह्याकडं पाह्यलं. माहे डोळे बाहेर आले असतीन.

"त्याले सोडा ना बाबा," ती म्हनली. "त्याचं नाक दाबून राह्यले तुमी. मरन तो."

मावसाजीनं सोडलं. मी कडब्यात पडलो अन् जितका श्वास घेता येईन तितका घेतला. मावसाजी खाली बसले, शेनातच बसले, अन् पोरीचे दोन्ही हात आपल्या तोंडाले लावून तसेच राहिले. अन् ती बोलत सुटली. चार महिन्याचं बोलनं होतं आत. बैलाच्या पायातून खिळा कसा निघाला, लंबा होता, इतका. याले गूळ आवडते पन ही मावशी देत नाई. हा दादा सात सक चाळीस म्हनते बाबा, इतका मोठा झाला तरी. ह्यानं माह्या मायचा आवाज काढला होता, मंग गाडीवाल्याचा बी काढला, तवा मी त्याले शेन मारलं. सगळ्याईसमोर सांगून टाकलं. मायनं माह्याकडं वळून पाह्यलं, लय वेळ पाह्यलं. तिच्या बहिनीचा आवाज होता तो. मी मान वर केली नाई. मंग ती जवळ आली, माह्या डोक्यावर एक टप्पल मारली, अन् हात तिथंच ठेवला.

डागाचं कोनी नाव काढलं नाई. मावसाजीनंच बैलाच्या खांद्यावरचे डाग पाह्यले, त्यावर बोट फिरवलं, अन् मांगं घेतलं.

दुसऱ्या दिवशी पोळा. वेशीवर आंब्याच्या पानाचं तोरन बांधलेलं, त्याखालून सगळ्या गावचे बैल जानार. त्या सालचा पोळा म्हनजे कापसाचा पोळा. मखमली झुली, चांदीच्या शेंब्या, घुंगराचे पट्टे. पाटलाच्या जोडीच्या शिंगाईले ऊन लागलं का डोळे दिपत. आमचा तिसरा बैल सगळ्यात शेवटी. एका शिंगाले चांदीची शेंबी, दुसऱ्याले पोरीनं झेंडू खोचलेला. अंगावर मायचं जुनं लुगडं. दोर पोरीच्या हातात. मांगं आमी शाळेची दहा पोरं, पिंजाऱ्याचा पोरगा ढोल बडवत. नालबंद चाचा बाजूनं चालत होते, पायाकडं डोळा ठेवून.

लोकं हसले. हसतीनच. कोनी म्हनलं, एका शिंगाची चांदी आली. पोरगी थांबली नाई. बैल एक पाय हलका टाकत, झोकानं, मान वर करून चालत होता, अन् एवढा ढोल, एवढे आवाज, तरी त्याच्या अंगावर काटा नव्हता. दोराच्या त्या टोकाले ती होती ना.

तोरनापाशी पाटील उभे होते. रीतीनं प्रत्येक बैलाचा मालक इचारत होते. बाबाले त्याईनं इचारलं, हा कोनाचा म्हनाचा? बाबानं पोरीकडं पाह्यलं. मावसाजी गर्दीत, ओठ दाताखाली धरून. पंतोजी बी तिथंच होते, पुन्याचं पागोटं घालून.

"माहा," ती म्हनली. असं म्हनली का गर्दीतल्या शेवटच्या मानसापर्यंत ऐकू गेलं.

पाटलानं खाकरलं. "नाव काय त्याचं?"

आमच्यापैकी कोनी त्याले नाव ठेवलं नव्हतं. आमी त्याले लंगडा म्हनत होतो. तिनं मान वर केली अन् एक नाव सांगतलं. चार महिने मनातल्या मनात ती त्याले त्या नावानं हाका मारत होती, अन् त्यानं ते कधी ऐकलं नव्हतं. तरी बैलानं वळून पाह्यलं. ते नाव मी इथं सांगत नाई, ते त्या दोघाईचं आहे.

पाटील बाजूले झाले. ढोल वाजला. ती लंगड्या पाहुन्याले घेऊन तोरनाखालून निघाली, घराकडं, जेवाले. मांगं मावसाजी नाचत होते, दाढी वाढलेला एवढा मोठा मानूस, हात वर करून.